सुभेदारांचे म्यान

म्यान सुऱ्याच्या पात्याला धरत नाही, मुठीला धरते. ही गोष्ट मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळली. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कातड्याचे काम झाले त्या घरात मी जन्मलो, निपाणीजवळच्या आमच्या गावात ओल्या कातड्याच्या वासातच लहानाचा मोठा झालो. पण एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक नव्हती म्हणण्यापेक्षा ती ठाऊक होऊ नये अशी मीच व्यवस्था केली होती, असे म्हणणे खरेपणाला अधिक धरून होईल.

आप्पा २०२० च्या जानेवारीत गेले. शहाऐंशी वर्षांचे होते. शेवटच्या आठवड्यापर्यंत पडवीत दगडासमोर बसत होते. मार्चमध्ये आईला बेळगावला घेऊन यावे म्हणून मी आणि सौ. चार दिवसांसाठी गावी गेलो आणि टाळेबंदी लागली. चार दिवसांचे आठ महिने झाले. कोगनोळीच्या नाक्यावर पोलिसांनी अडथळे उभे केले. आमच्या गावच्या माळावर उभे राहिले की पलीकडच्या कागल तालुक्यातले ऊस दिसतात, गुऱ्हाळांचा धूर दिसतो. सोयरीकधायरीक सगळी तिकडची. १९५६ पासून हा नकाशा आमच्या मधून गेलेला आहे, पण म्हशीला त्याचा पत्ता नव्हता आणि माणसांनीही फारसा लागू दिला नव्हता. त्या वर्षी मात्र तो खरोखरीचा झाला.

बसून बसून कंटाळलो तेव्हा आप्पांची पडवी आवरायला काढली. रापी, दोन-तीन आऱ्या, कातडे भिजवायची दगडी कुंडी, म्हशीच्या शिंगाचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा, मेणाचा गोळा. घड्याळाचे एक दातेरी चाक लाकडी मुठीत बसवलेले होते. ते कातड्यावरून फिरवले की टाक्यांच्या खुणा सारख्या अंतरावर उमटतात. दिवळीत सगळ्यात मागे वर्तमानपत्रात गुंडाळलेले एक पुडके होते. त्यात तेलकट फडक्यात एक सुरा, आणि त्याबरोबर अर्धवट शिवलेले म्यान. दोन्ही सुया दोऱ्यासकट म्यानाला तशाच लोंबत होत्या. जणू माणूस चहाला म्हणून उठून आत गेला आहे.

सुरा मी ओळखला. तो पलीकडच्या गावातल्या सुभेदारांचा. सुभेदार मराठा लाइट इन्फन्ट्रीतून १९८४ साली निवृत्त होऊन आले आणि शेती करू लागले. गावात पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडून त्यांनी ट्रकच्या कमानपाट्याचा हा सुरा करून घेतला होता. पाते सहा-साडेसहा इंचांचे, जाड पाठीचे, मूठ शिसवाची आणि तिला पितळेच्या तीन खिळ्या. देखणा नव्हे, पण हातात घेतला की खाली ठेवावासा वाटत नाही.

आप्पांची एक हिशेबाची वही असे. डाव्या पानावर येणे, उजव्या पानावर देणे. शाळा चौथीपर्यंतच झालेली, पण अक्षर गोल आणि ठसठशीत. म्यानाची नोंद मी येण्याच्या पानावर शोधली, ती सापडेना. सापडली ती उजव्या पानावर. ‘सुभेदार. म्यान.’ पुढे रक्कम नाही, तारीख नाही. म्हातारपणी पाने चुकली असतील असे मला वाटले. ही मी धरलेली पहिली चूक.

आईला विचारले. आई म्हणाली, “दिवाळीत सुभेदार आलते. ह्येंनीच मागून घेतला सुरा. त्येंनी काय सांगितलं नव्हतं.”

“आता परत कसा द्यायचा? नाका बंद आहे.”

“परत कशाला? पुरं कर की.”

मी हसलो. तेहतीस वर्षे हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस, हातात आरी धरलेली मला आठवत नव्हती. आई मात्र हसली नाही.

इथे एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे. बेळगावला कॉलेजात प्रवेश घेताना अर्जावर मी वडिलांचा धंदा ‘व्यापार’ असा लिहिला होता. ते १९७६ साल. पुढच्या वर्षी आप्पा वसतिगृहावर आले, माझ्यासाठी त्यांनी स्वतः केलेली कापशी चप्पल घेऊन. तिच्या पट्ट्यावरची वेणी आईची होती. आमच्यात वेण्या बायका घालतात. खोलीतल्या मित्राने ती उचलून उलटसुलट पाहिली. एक खिळा नाही, सगळी वादीने शिवलेली. “कुठून घेतलीस रे?” असे त्याने विचारले. आप्पा दारात उभे होते. मी म्हणालो, “कोल्हापुरातून.” मित्राने आप्पांकडे पाहिले. आप्पा म्हणाले, “व्हय, कोल्हापुरातनंच.” आणि एसटी चुकेल म्हणून पाणी न पिता गेले.

असो.

त्या पडवीतल्या पत्र्याच्या पेटीत आणखी एक वस्तू निघाली. जुने म्यान, वाळून कडक झालेले. याच सुऱ्याचे, कारण पाते त्यात बरोबर जात होते. नमुन्यासाठी ठेवले असेल म्हणून मी ते बाजूला काढले. उजेडात धरून पाहिले तर धारेकडची शिवण मधल्या भागात दोन बोटे उसवलेली होती. जुना दोरा कुजला की त्याची टोके पिंजतात, हाताने ओढले तरी तुटतात. इथे टोके साफ होती. दोरा कुजला नव्हता, आतून कापला गेला होता.

मग नवे म्यान हातात घेतले आणि त्याची रचना समजली. साधे म्यान म्हणजे कातड्याची एक घडी. सुऱ्याची पाठ घडीकडे, धार शिवणीकडे. सुरा घालता-काढताना धार दर वेळी शिवणीला चाटून जाते. वर्ष-दोन वर्षे काही होत नाही. मग एक टाका जातो, मग दुसरा. आप्पांनी नव्या म्यानात दोन पदरांच्या मध्ये, शिवणीच्या आत, जाड कातड्याची एक पट्टी तोंडापासून टोकापर्यंत घातली होती. धार आता टाक्यावर नव्हे, त्या पट्टीच्या कडेवर टेकणार होती. तोंडाजवळ, जिथे घाईत सुरा तिरका घुसतो, तिथे पट्टी दुहेरी होती. टोकाला एक बारीक भोक ठेवले होते, आत गेलेले पाणी निथळून जावे म्हणून. कातडे म्हशीचे, कोल्हापूरच्या जुन्या पद्धतीने कमावलेले. ढोर-कक्कय्या समाजातले लोक कातड्याची पिशवी शिवून तीत बाभळीच्या सालीचे आणि हिरड्याचे पाणी भरून टांगून ठेवतात आणि ते पाणी हळूहळू झिरपत कातडे कमावले जाते, ते हे. आता असे कातडे मिळणे मुश्किल झाले आहे. आप्पांनी हा तुकडा किती वर्षे जपून ठेवला होता कोण जाणे.

सगळे इतके विचारपूर्वक केलेले, आणि एकच गोष्ट चक्क उलटी. पट्टा ओवायची पकड म्यानाच्या पाठीला शिवलेली असते. ती म्यान मिटण्याआधीच शिवावी लागते, मागाहून आत सुई पोचत नाही. ती पकड उलट्या अंगाला होती. सुरा आत घालून म्यान मी उजव्या कमरेला लावले, तर उपसताना धार भलत्या दिशेला येई आणि मनगट मुरडावे लागे. डाव्या कमरेला लावले तर बिनबोभाट.

“आई, सुभेदार डावखुरे आहेत का?”

“कशाचं? उजव्या हातानंच जेवतात.”

आप्पांना एका डोळ्याने नीट दिसत नव्हते. मोतीबिंदूचे ऑपरेशन त्यांनी दोनदा टाळले होते. मी तर्क बांधला की नमुना कातड्यावर ठेवताना उलटा पडला आणि म्हाताऱ्याच्या लक्षात आले नाही. रापी घेऊन मी पकडीचे टाके उसवायलाच बसलो. पहिल्या टाक्याखाली रापीचे टोक घातले, आणि थांबलो. कातड्याला पडलेले भोक बुजत नाही. कापडाची शिवण उसवून पुन्हा घालता येते, कातड्याला ती सोय नाही. पकड उसवली तर म्यानाच्या पाठीवर भोकांची रांग जन्मभर राहील. शिवाय आतल्या अंगाला पाहिले तर ते टाके इतके सारखे, इतके दाबून बसवलेले होते की हे आंधळ्याचे काम वाटेना. उद्या बघू म्हणून मी रापी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी पाहिले, तिसऱ्या दिवशीही पाहिले आणि मग ते तसेच राहू दिले. शहाणपणाने नव्हे, हिंमत झाली नाही म्हणून.

उरलेली शिवण मी घातली. चार बोटांची होती, तिला पाच दिवस लागले. चपलांच्या कामात वादी वापरतात, पण म्यानाला आप्पांनी दोन सुयांचा टाका घातला होता. निपाणीत टांगे होते त्या काळी घोड्यांचे साज शिवणाऱ्या एका कारागिराकडून तो त्यांनी उचलला होता, असे आई म्हणाली. एकच मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुया. आरीने भोक पाडायचे, एक सुई इकडून, दुसरी त्याच भोकातून तिकडून, आणि दोन्ही हातांनी सारखे ओढायचे. दोन्ही बाजूंनी दोरा असल्याने एका अंगाचा टाका तुटला तरी दुसऱ्या अंगाचा धरून ठेवतो. मशीनच्या शिलाईत हा गुण नाही. माझ्या सुया एकमेकींचा दोरा भोसकत होत्या. आरी सरळ जाईना. समोरून खुणेवर घातली तर मागे वाटेल तिथे निघे. डाव्या तर्जनीला दोनदा आरी लागली. आई उंबऱ्यावर बसून बघत असे. “आरी मनगटानं न्हाई, खांद्यानं ढकलायची,” एवढेच एकदा म्हणाली. साठ वर्षे नवऱ्याशेजारी बसून वेण्या घातलेली ही बाई आरीविषयी इतके जाणते हे मला नवीन होते. मी तिला ते कधी विचारलेच नव्हते.

आप्पांच्या टाक्यांनंतर माझे टाके कुठून सुरू होतात ते आंधळ्यालाही बोटाने सांगता येईल.

पुढचे काम कडेचे. तीन पदर आणि तोंडाशी चार, त्यांची कड रापीने एका रेषेत छाटायची, मग फुटक्या काचेने खरवडायची, मग बारीक पॉलिश पेपर. एवढे झाले की म्यान पाण्यात घालायचे. सुऱ्यावर म्यान बसवणे म्हणतात ते हेच, आणि सगळी मेख इथे आहे.

“किती वेळ भिजवायचे?” मी घड्याळ काढून विचारले.

“बुडबुडं थांबस्तोवर.”

कुंडीत कोमट पाणी घेतले, म्यान बुडवले. कातड्यातून बारीक बुडबुड्यांच्या माळा निघू लागल्या. दोन-तीन मिनिटांत त्या विरळ झाल्या आणि थांबल्या. बाहेर काढून निथळवले. वरचा चकाकता ओलेपणा जाऊन कातडे पुन्हा फिके दिसू लागले की ते हातात कणकेसारखे होते. मग तेल लावून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घट्ट गुंडाळलेला सुरा आत सारायचा आणि अंगठ्याने दाबत दाबत कातडे त्याच्या अंगाला बसवायचे. मी पात्यावर जोर देत होतो. पात्याची नक्षी वर उमटली की छान दिसेल असे वाटत होते. आईने हातातून म्यान काढून घेतले.

“पात्याला मोकळं सोड. पात्याला धरलं तर पात्यावर ओरखडं पडतात आन्‌ धारबी जाती. मुठीला धर. हितं बघ, मूठ फुगलीया, तिच्याखाली बारीक झालीया. त्या बारकीत कातडं बसलं पायजे.”

म्यानाचे तोंड मुठीच्या वर दोन बोटे चढते. मुठीचा फुगवटा आत गेला की त्याच्यावरचे कातडे पुन्हा आवळते आणि मूठ तिथे अडकते. बटण नको, बंद नको. म्हशीच्या शिंगाने आईने तो खोलगट भाग असा काही चेपला की कातड्याखालची पितळी खिळी वर उमटून दिसू लागली. तिची बोटे ऐंशी वर्षांची. मग तिने म्यान सावलीत ठेवायला सांगितले. उन्हात कातडे आक्रसते आणि तडकते. दोन तासांनी सुरा काढून घे, पुढचे वाळणे रिकाम्या म्यानाचे, हेही सांगितले. ते मी ऐकले नाही. रात्रभर सुरा आत राहिला तर आकार आणखी पक्का होईल असा माझा वैज्ञानिक तर्क.

सकाळी सुरा काढला. पिशवीला मुठीजवळ चीर गेली होती. पात्यावर निळेकाळे डाग, आणि म्यानाच्या तोंडाशी बाहेरच्या अंगाला चिंचोक्याएवढा काळा ठिपका. लोखंड आणि हिरडा ओले होऊन एकत्र आले की शाई होते. आठवीच्या वर्गाला हिराकस आणि हिरड्याच्या काढ्याची शाई मी दर वर्षी करून दाखवत असे. मुले टाळ्या वाजवत. तीच शाई माझ्या नाकावर टिच्चून माझ्याच हातून झाली. पाते राखेने घासून स्वच्छ झाले. कातड्यावर लिंबू चोळले. आम्लाने ती शाई सुटते. सुटली, पण पुरती नाही. काळ्याचा राखी ठिपका झाला.

वाळल्यावर कडेचे उरलेले काम. कड किंचित ओली करून शिंगाच्या तुकड्याने घासत राहायचे. पहिली दहा-पंधरा मिनिटे काहीच घडत नाही, नुसते हात दुखतात. मग एकदम कड चमकू लागते आणि तीन पदरांच्या तीन रेघा पुसून एकच अखंड कातडे दिसू लागते. हे जेव्हा घडले तेव्हा मी एकटाच पडवीत मोठ्याने काहीतरी बोललो. सौ. आतून “काय झालं?” म्हणून बाहेर आली. मग मेण, मग फडक्याने घासणे, मग सगळ्या अंगाला तेलाचा पुसट हात. तेलाने कातड्याचा रंग गुळासारखा झाला.

आईने सुरा म्यानात घालून म्यान उलटे धरले आणि दोनदा झटकले. सुरा पडला नाही. अंगठ्याने मुठीला जरा रेटा दिला, ‘टप्‌’ असा आवाज होऊन तो सुटला. तिने म्यान माझ्या हातात दिले आणि चूल बघायला गेली.

नाका मोकळा झाला, पावसाळा सरला, दिवाळीही आटोपली. नोव्हेंबरच्या शेवटी मी सुरा-म्यान पिशवीत घालून मोटारसायकलवरून निघालो. नाक्यावर कोणी अडवले नाही. तरी पिशवीत सुरा असल्याने छाती धडधडत होती हे कबूल करतो.

सुभेदार मळ्यातच होते. चौऱ्याऐंशीचे, पण पाठ अजून ताठ. गुऱ्हाळ सुरू झाले होते. मला ओळखायला त्यांना क्षणभर लागला. “या मास्तर, बसा.” आप्पांबद्दल बोलले. मातीला येता आले नाही कारण स्वतः तापाने पडलो होतो, हे दोनदा सांगितले. मी पिशवीतून म्यान काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते डाव्या हातात घेतले. उजवा हात मांडीवर होता. त्या हाताची शेवटची दोन बोटे आत वळलेली, सरळ न होणारी. ती मी अनेक वर्षे पाहत आलो होतो. उसाच्या तोडीत विळा लागला होता, हे दोन्ही गावांना ठाऊक होते.

त्यांनी म्यान उलटे केले. पाठीमागची पकड पाहिली. बराच वेळ ती नुसती पाहत राहिले.

“डाव्या हाताचं केलंय,” ते म्हणाले.

“तात्या, आप्पांची नजर…”

“नजरंला काय झालं नव्हतं त्याच्या.”

मग त्यांनी सांगितले ते असे. १९८८ च्या हंगामात संध्याकाळी बांधावरून उडी मारताना पाय घसरला. तोल सावरायला उजवा हात कमरेकडे गेला. म्यानाची शिवण उसवून धार बाहेर आलेली होती, ती मुठीत आली. दोन बोटांच्या शिरा तुटल्या. कोल्हापूरला नेऊन टाके घातले, पण बोटे आखडली ती आखडलीच. घरी आल्यावर चौकशीला आलेल्या प्रत्येकाला त्यांनी विळा लागल्याचे सांगितले. फाटलेले म्यान रात्री आमच्या घरी आणून आप्पांच्या पुढ्यात ठेवले. भांडायला नव्हे, दाखवायला. आप्पांनी ते ठेवून घेतले.

“विळा का सांगितलात?” मी विचारले.

“मग काय सांगू? म्यान फाटलं म्हटलं असतं तर तुझ्या बापाकडं पायताण टाकायला कोण आलं असतं? तू तवा बेळगावात. घर त्याच दगडावर चालत हुतं.”

गुऱ्हाळावर कोणीतरी मोठ्याने हाक मारत होते. सुभेदारांनी तिकडे लक्ष दिले नाही. आप्पांनी त्यानंतर त्यांच्याकडून पायताणाचे पैसे घेतले नाहीत. पैशावरून दर वेळी दोघांचे वाजे आणि दर वेळी सुभेदार हरत. सुरा ते फडक्यात गुंडाळून झोळीत ठेवत. जेवण आणि सही सोडली तर सगळ्या कामाला डावा हात लावून घेतला होता, आणि ही गोष्ट घरच्यांच्याही ध्यानात आली नव्हती. बत्तीस वर्षांत एका माणसाच्या ध्यानात आली.

ते उठले. धोतरावर फौजी पट्टा बांधायची त्यांची जुनी सवय. पट्टा सोडून म्यान ओवले. पकड पट्ट्याच्या रुंदीला अचूक बसली, जराही इकडेतिकडे नाही. सुरा त्यांनी डाव्या हाताने न बघता उपसला, न बघता आत घातला. ‘टप्‌’. पुन्हा उपसला. शेजारी गुळाच्या रव्याची गाठोडी बांधलेली होती, तिची सुतळी तोडली आणि पुन्हा आत घातला.

“हा डाग कशाचा?” तोंडाशी बोट ठेवून त्यांनी विचारले.

“तो माझा.”

“आन्‌ हे वाकडं टाकं?”

“तेही माझेच.”

त्यांनी मान हलवली. पावसाळ्यात सुरा म्यानात ठेवू नका, कातडे ओल धरते, पाते गंजेल, असे मी मास्तरकीच्या सवयीने सांगू लागलो. “रायफल सांभाळलीया म्या अठ्ठावीस वर्सं,” ते म्हणाले. मग खिशात हात घातला. “किती द्यायचं?”

मी म्हणालो, “आप्पांच्या वहीत देण्याच्या पानावर आहे.”

त्यांचा हात खिशातच राहिला. थोड्या वेळाने त्यांनी तो तसाच बाहेर काढला आणि गुऱ्हाळावरच्या पोराला हाक मारून आईसाठी काकवीचा एक डबा भरायला सांगितला. निघताना मला म्हणाले, “पायातलं कुठलं हाय?” माझ्या पायात बेळगावच्या दुकानातले सँडल होते. मी ते सांगितले.

घरी आल्यावर रात्री वही काढली. आईला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही, काकवीचा डबा उघडून बोटाने चव घेतली. चुकते झालेल्या नोंदीवर आप्पा आडवी रेघ मारून शेजारी बारीक टिंब देत, तसे मी केले. रेघ मारताना खाली लक्ष गेले. त्या पानावर आणखी एक ओळ शिल्लक होती: ‘शाळेचा ढोल. वाद्या.’

गावातली शाळा त्या वेळी बंदच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शिपायाच्या घरी गेलो आणि ढोल कुठल्या खोलीत ठेवला आहे ते विचारून आलो.